धागा वाढला

रबराची किडनी प्लास्टिकच्या पोटातून सटकली, टेबलावर एकदा आपटली आणि घरंगळत माझ्या खुर्चीखाली गेली.

खरी नव्हती ती. पण उद्या सकाळी त्या प्लास्टिकच्या पोटाच्या जागी ह्यांचं पोट असणार होतं, आणि मला तेवढंच दिसत होतं.

"गेली," खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून डॉक्टर उमराणीकर म्हणाले आणि हसले. त्यांचं तोंड अजून त्या पेटीत खुपसलेलंच होतं, जत्रेत बाईस्कोप बघणाऱ्या माणसासारखं. बोटांत कसल्याशा कड्या अडकवलेल्या. ते इकडे बोटं हलवत आणि तिकडे दहा पावलांवर, पारदर्शक पिशव्या घातलेले चार लोखंडी हात हलत. माणूस एकीकडे आणि हात भलतीकडे.

"हसता काय डॉक्टर?" मी म्हणाले. "उद्या माझा नवरा आहे तिथे."

"काकी, रबर आहे हो," त्यांच्या हाताखालची डॉक्टर ज्योत्स्ना माझ्या खुर्चीखाली वाकत म्हणाली. "धागा जुना होता. सरावाचे धागे आम्ही चार-चारदा वापरतो."

"आणि उद्याचा?"

"उद्याचा कोरा. पाकिटातला."

"पाकिटातला म्हणे. बिस्किटं आहेत का?"

डॉक्टरांनी पेटीतून तोंड बाहेर काढलं. कपाळावर पट्टीचा लाल वळ उठला होता. ते ज्योत्स्नाकडे वळले. "वाघमोडे, ह्यांनाच घेऊ या का आपल्या टीममध्ये? दोन महिन्यांत सगळे सुतासारखे सरळ होतील."

"सरळ व्हायला कशाला दोन महिने लागतात?" मी म्हणाले.

तोंड चालत होतं माझं. खुर्चीवरून मात्र मी उठत नव्हते.

मी द्वारका पटवेकर. सांगलीला सराफ पेठेत आमचं गाठवायचं दुकान आहे. सोनार दागिना घडवतो; पण मणी, पोवळी, वाट्या रेशमात ओवून, गाठी मारून ते सगळं बाईच्या गळ्यात घालण्याजोगं करतो तो पटवेकरी. माझी शाळा चौथीपर्यंत. दुकान ह्यांच्या नावावर, तोंड माझं. हे मान खाली घालून गाठी मारायचे आणि मी गिऱ्हाईक, सोनार, सून, मुलगा आणि शेजारपाजार असं सगळं सांभाळायची.

ज्योत्स्ना ही मागच्या चाळीतल्या एसटी कंडक्टरची मुलगी. आई शिवणक्लासला शिकवायला जायची, म्हणून पोर शाळा सुटली की आमच्या दुकानात. सहाव्या वर्षापासून बारावीपर्यंत ती माझ्या हाताखाली मणी ओवत बसली. हात असा बारीक चालायचा की हे म्हणायचे, ही पोर आपल्या पोटी यायला हवी होती. मी म्हणायची, आली असती तर एवढी हुशार निघाली नसती.

आमच्या धंद्याचा एक रिवाज आहे. 'तुटलं' म्हणायचं नाही. बाई मंगळसूत्र तुटलं म्हणून आणते, पण पायरी चढताना म्हणते, "मंगळसूत्र वाढलंय हो." बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकवाच्या बाबतीत तोंडातून अभद्र काढायचं नाही, एवढंच. पेठेतले बाकीचे हे मंगळसूत्रापुरतं पाळतात. मी दुकानातल्या झाडून सगळ्या धाग्यांना पाळायला लावलं. पुडी बांधायचा दोरा गेला तरी तो वाढला. ज्योत्स्ना सात वर्षांची असताना एकदा नव्या नवरीसमोर ओरडली, "काकी, तुटला!" नवरीची सासू ताडकन उठून शेजारच्या दुकानात गेली. मी पोरीच्या थोबाडीत दिली. त्यानंतर तो शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नाही, आणि ह्याचा मला फार अभिमान होता. पुढे ती डॉक्टर झाली, सर्जन झाली, तरी माझ्यासमोर शर्टाचं बटण निघालं तर दोरा 'वाढला' म्हणायची.

त्या वर्षी ह्यांना लघवीतून रक्त गेलं. दोनदा गेलं तरी बोलले नाहीत. तिसऱ्यांदा मी मोरीत पाहिलं. फोटो काढले तर उजव्या किडनीत लिंबाएवढी गाठ. जन्म गाठी मारण्यात गेला आमचा, आणि ही गाठ कुणी मारली ते कळेना. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, किडनी काढून टाकू. मग दुसरी तपासली, तर डावी लहानपणापासूनच आखडलेली, नावाला होती. उजवी गेली की हे कायमचे डायलिसिसवर.

मी ज्योत्स्नाला फोन केला. ती तेव्हा पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ह्या रोबोटवर दीड वर्षापासून शिकत होती.

"काकी, काकांना इकडे आणा," ती म्हणाली. "आमचे सर गाठ तेवढी काढतात आणि किडनी शिवून ठेवतात."

"कोण शिवतं?"

"सर. मशीनने."

"आणि तू काय करतेस?"

"मी पेशंटच्या शेजारी उभी असते. सरांना लागेल ते देते."

"म्हणजे माणसाशेजारी शिकाऊ, आणि शिकलेला लांब कोपऱ्यात?"

ती हसली. मला हसू आलं नाही.

पुण्याला आलो, सगळ्या तपासण्या झाल्या आणि संमतीचा कागद पुढे आला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. दिगंबर, माझा मुलगा, म्हणाला, "आई, बाबांनी सही केलीय, तू नुसती साक्षीदाराची करायचीस." मी म्हटलं, मी बघितल्याशिवाय सही करत नाही. म्हणून ज्योत्स्ना मला त्या सरावाच्या खोलीत घेऊन आली होती. मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे दोघं रबराच्या किडनीवर सगळं एकदा करून बघायचे, घड्याळ लावून.

डॉक्टर उमराणीकर उठून माझ्याजवळ स्टूल घेऊन बसले. पन्नाशीचा माणूस, आवाज मऊ. त्यांनी रबराची किडनी हातात धरून मला समजावलं.

"काकी, गाठ कापताना किडनीत येणारं रक्त चिमट्याने बंद करावं लागतं. नाहीतर काहीच दिसणार नाही. पण रक्त बंद असलं की किडनी गुदमरते. पंचवीस मिनिटं. तेवढ्यात कापून, शिवून चिमटा सोडायचा."

"आणि सव्वीस झाली तर?"

"तर ती हळूहळू मरायला लागते."

असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला. माणसावर विश्वास बसला.

"म्हणून मी एक नवीन युक्ती काढलीय," ते म्हणाले. "शिवताना किडनी एका अंगाला वळवून धरावी लागते. मशीनचा एक हात त्यातच अडकून पडतो. त्याऐवजी मी एक धागा घालून ती वळवतो आणि धाग्याचं टोक बाहेर वाघमोडेच्या चिमट्यात देतो. मशीनचे हात मोकळे राहतात. चार-पाच मिनिटं वाचतात. आत्तापर्यंत सहा पेशंटना केलंय."

"ह्यांचा सातवा नंबर."

"हो."

"आणि तुम्हाला धाग्याचा ताण कळतो का? बोटांना?"

त्यांनी किडनी खाली ठेवली. मग ज्योत्स्नाकडे बघितलं. "नेमकं तेच कळत नाही, काकी. मशीनमध्ये डोळ्यांना दहापट मोठं दिसतं, पण बोटांना काही लागत नाही. आणि कॅमेरा शिवणीवर जवळ नेला की हा धागा मला दिसतही नाही. तो फक्त हिला कळतो. ती सांगेल त्यावर मी चालतो."

"म्हणजे आंधळा आणि काठी."

"सर, काकी असंच बोलतात," ज्योत्स्ना लाजून म्हणाली.

"बरोबर बोलतात," ते म्हणाले.

आता त्या पहिल्या खेपेला काय झालं होतं ते सांगते, कारण मी ते नीट पाहिलं होतं. माझे डोळे लोखंडी हातांवर नव्हतेच. ते धाग्यावर होते. चाळीस वर्षांची खोड, नजर दुसरीकडे जातच नाही. ज्योत्स्नाच्या चिमट्यापासून दोन बोटांवर धाग्याचा पीळ उसवला, एक तंतू उभा राहिला आणि धागा गेला. ज्योत्स्ना त्याच क्षणी म्हणाली, "सर, वाढला!" डॉक्टर म्हणाले, "ओके." आणि त्यांनी पलीकडून ओढलं. मग ती रबराची किडनी सटकली.

मला काय वाटलं असेल? अभिमान वाटला. एवढी मोठी सर्जन, एवढं मोठं मशीन, आणि माझ्या दुकानातली पोर अजून 'वाढला' म्हणते. ह्यांच्या नावाने मांडलेल्या खेळातही तिने अभद्र शब्द काढला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराने टिपलं आणि धूळ गेली म्हणाले. त्या खोलीत धुळीचा कणसुद्धा नव्हता.

नवा धागा घेऊन त्यांनी पुन्हा केलं. बावीस मिनिटांत किडनी शिवून तयार. टाके मी डोळ्यांजवळ धरून बघितले. एकसारखे होते. मी कागदावर सही केली.

सकाळी ह्यांना हिरवा झगा घालून ढकलगाडीवर निजवलं. जानवं काढून दिगूकडे दिलं, दात काढून माझ्याकडे. दातांशिवाय हे अगदी म्हातारे दिसत होते. मी तोंड फिरवलं.

"कालपासून एवढं तोंड वाजवतेयस," हे म्हणाले, "आणि आत्ता गप्प?"

"तुम्ही या परत, मग वाजवते."

"नाही आलो तर शांतता होईल मला."

"असलं बोलायचं नाही."

"बरं. नाही बोलत." आणि त्यांनी माझं मनगट धरलं. आयुष्यात कधी चारचौघांत धरलं नव्हतं. गाडी हलली तशी त्यांची बोटं सुटत गेली.

दिगू रक्तपेढीत गेला, दोन बाटल्यांची सोय करायला. मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर बसले. समोर काचेचं दार, दारावर लाल दिवा, आणि वर एक घड्याळ, आकडे उजेडाने उमटणारं. नऊ पंचेचाळीसला डॉक्टर उमराणीकर आले. मला बघून थांबले.

"काकी, काही खाल्लंत का?"

"तुम्ही खाल्लंत का ते सांगा. हात माझे नाही चालायचे."

हसले. "खाल्लं. घाबरू नका. आधी मशीन लावायचं, वाट करत आत जायचं, ह्यात तास जाईल. खरं काम साडेदहाच्या पुढे." दाराला हात लावून ते पुन्हा वळले. "आणि कालचं मनातून काढून टाका. कालची चूक माझी होती. वाघमोडे म्हणाली धागा वाढला, म्हणून मी मोकळेपणाने ओढला. जरा जास्तच ओढला, आणि तुटला."

"असं म्हणू नये," मी चटकन म्हणाले. "शुभ बोलावं."

"चुकलो," असं म्हणून त्यांनी कानाला हात लावला आणि आत गेले. दार आपोआप मिटलं.

मी बसून राहिले. मनात त्यांना शिव्या देत होते की, एवढा शिकलेला माणूस आणि ह्या वेळेला हा शब्द. रामरक्षा म्हणायला घेतली, ती अर्ध्यावर थांबायची, पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा माझ्या डोक्यात ते वाक्य पुन्हा उमटलं. वाढला म्हणाली, म्हणून ओढला.

ओढला म्हणून तुटला नव्हता तो. आधी तुटला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्योत्स्ना त्यांना सांगत होती की तुटलाय, थांबा. आणि त्यांना ऐकू येत होतं की धागा वाढलाय, लांब झालाय, सैल आहे, ओढा. तिला वाटलं आपण सांगितलं. त्यांना वाटलं आपण ऐकलं. दोघांनाही काल कळलं नव्हतं आणि आजही माहीत नव्हतं.

आणि हे तिला कुणी शिकवलं होतं?

घड्याळात दहा बावीस.

मी दाराशी गेले आणि काचेवर हात मारला. एक सिस्टर बाहेर आली. चाळिशीची, तोंडावरचा मास्क खाली ओढलेला. कोटावरच्या पट्टीवर लिहिलं होतं ते मी अक्षर लावून वाचलं: वर्षा गुरव.

"मावशी, दार वाजवायचं नाही. काय झालं?"

"आत ज्योत्स्ना आहे, डॉक्टर वाघमोडे. तिला एक निरोप द्यायचाय."

"ऑपरेशन चालू आहे. नंतर."

"नंतर उपयोग नाही, बाई. ह्यांच्या जिवाचं आहे. तिला सांगा, धाग्याला वाढला म्हणू नकोस."

"काय?"

"वाढला म्हणू नकोस म्हणावं."

सिस्टरने माझा दंड धरला. घाबरलेल्या बायका रोज बघणाऱ्या माणसाची पकड होती ती, प्रेमळ आणि घट्ट. "मावशी, पाणी प्या. बसा जरा."

"मला खुळी समजू नको!" माझा आवाज चढला. बाकावरची माणसं वळली. "धागा गेला की ती वाढला म्हणते. आमच्याकडे तसं म्हणतात. त्या डॉक्टरला वाटतं सैल झाला. तो ओढील आणि किडनी फाटेल!"

आता ती नीट ऐकायला लागली. तिच्याही गळ्यात, झग्याच्या आत, काळे मणी दिसत होते. तिला ते बरोबर कळलं असणार.

"बरं," ती म्हणाली. "आत फोन लावते. पण अशा वेळी आत गोष्ट सांगता येत नाही. एका शब्दात सांगा. वाढला म्हणायचं नाही, मग काय म्हणायचं?"

मी तोंड उघडलं.

"दुसरं काहीतरी म्हण म्हणावं."

"दुसरं काय?"

"तिला कळेल."

"मावशी, आत सहा माणसं आहेत. काय म्हणू नये हे सांगून तिने ऐन वेळी काय म्हणायचं? शब्द सांगा."

शब्द माझ्या जिभेवर होता. सगळ्या जगाला येतो, लहान पोरांना येतो. पण आत हे झोपलेले, पोट उघडं, आणि मी त्यांची बायको दारात उभी राहून तो शब्द आत पाठवणार? चाळीस वर्षं मी ज्या शब्दाला पायरी चढू दिली नाही तो? माझा हात आपोआप गळ्याकडे गेला.

"माझा मुलगा येतोय," मी म्हणाले. "तो सांगेल तुम्हाला."

सिस्टरने घड्याळाकडे बघितलं. "लवकर पाठवा," म्हणाली आणि आत गेली.

मी परत बाकावर जाऊन बसले.

हो, बसले. दिगूची वाट बघत. म्हटलं तो पुरुषमाणूस, त्याने बोललं तर चालतं. बायकोच्या तोंडून जायला नको एवढंच. दहा पंचवीस झाले. जिन्यावर पावलं वाजली की मी मान वर करायची. वॉर्डबॉय असायचा, नाहीतर कुणाचे तरी डबे. दिगूला फोन लावला, रक्तपेढी तळघरात, तिथे रेंज नव्हती. अठ्ठावीस. शेजारच्या बाईने विचारलं, तुमचं कोण आहे आत? मी जिन्याकडेच बघत होते. एकोणतीस. चिमटा लागला असेल का? किडनी गुदमरायला लागली असेल का? हाताच्या मुठीत ह्यांचे दात होते, ते मी इतके घट्ट धरले होते की तळव्यावर उमटले. एकतीस. मला वाटलं, काल नवा धागा लावल्यावर काही झालं नव्हतं ना? मग आज तरी कशाला होईल? पाकिटातला आहे. कोरा आहे. बत्तीस. उगीच अभद्र बोलून मीच ओढवून घ्यायची.

आकडा तेहतीस झाला. मी त्या आकड्याकडे बघत होते आणि तो बदलत होता, आणि मला कळत होतं की मी काय करतेय, तरी मी बसून होते.

पस्तीस झाले तेव्हा उठले. कशी उठले ते मला आजही सांगता येत नाही. काच दोन्ही हातांनी बडवली. सिस्टर गुरव बाहेर आली तेव्हा मी श्वाससुद्धा घेतला नाही.

"तुटला म्हण, म्हणावं. तुटला. तुटला. तुटला म्हण."

तिने भिंतीवरचा फोन उचलला.

पुढचे दोन तास मी काय केलं ते आठवत नाही. दिगू आला, त्याने चहा आणला, तो तसाच गार झाला. बारा चाळीसला डॉक्टर उमराणीकर बाहेर आले. कपाळावर तोच लाल वळ. मी उभी राहिले.

"किडनी वाचली," ते म्हणाले. "गाठ पूर्ण निघाली. काका तासाभरात शुद्धीवर येतील." मग माझ्यासमोर त्या बाकावर मटकन बसले. "काकी, नवीन युक्ती काढली, सहा पेशंटना केली, कागदावर सगळं लिहिलं. जुन्या प्रत्येक गोष्टीला आमच्यात ठरलेला शब्द आहे. ह्या धाग्याला शब्द ठरवायचा राहून गेला." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "आणि तो शब्द तुम्ही पाठवलात."

आता नऊ वर्षं झाली. हे आहेत, दुकानात बसून गाठी मारतात, आणि कमी ऐकू येण्याचं सोंग करतात. ज्योत्स्ना आता स्वतः नव्या डॉक्टरांना त्या मशीनवर शिकवते. पहिल्या दिवशी मशीनला हात लावू देत नाही. दोघा-दोघांना समोरासमोर बसवते आणि विचारते, तुमच्या घरी दोरा गेला तर काय म्हणतात, रक्त आलं तर काय म्हणतात, थांब कसं म्हणतात. मग सगळ्यांनी एकच शब्द ठरवायचा, आणि ऐकणाऱ्याने तो उलट म्हणून दाखवायचा. त्याच्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि ती त्यांना माझी गोष्ट सांगते. चौथी शिकलेल्या माझ्या काकींच्या लक्षात आलं आणि त्या धावत दाराशी आल्या, असं सांगते. दिगूने मला ती फोनवर दाखवली. पोरं टाळ्या वाजवतात. त्या गोष्टीत मी धावत येते.

ऑपरेशनच्या त्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. टोपी काढलेली, केस घामाने चिकटलेले.

"काकी, फोन आला तेव्हा चिमटा लागलेला होता," ती म्हणाली. "सर म्हणाले, आत्ता कुणी बोलायचं नाही. सिस्टर म्हणाल्या, एकच शब्द आहे. स्पीकरवर ऐकू आलं, वाढला नाही, तुटला म्हण. सर म्हणाले हे काय? पण मला कळलं. एका क्षणात कळलं काल काय झालं होतं ते. मी सरांना सांगितलं, माझ्या तोंडी वाढला म्हणजे तुटला, सर. आजपासून मी तुटलाच म्हणेन."

"मग?"

"मग चार मिनिटांनी तुटला. कोरा होता तरी. मशीनच्या हाताची धार लागली असेल. मी ओरडले. सर जागच्या जागी थांबले." तिने कपाळावरचे केस मागे सारले. "किडनी धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं, ओढलं असतं तर सुई आरपार फाडत गेली असती. काकांना उजवी उरली नसती."

चार मिनिटं. कळूनही मी घालवली होती ती तेरा. मला हिशेब करायला वेळ लागला नाही. तो धागा पाच मिनिटं आधी गेला असता तर.

"तुम्हाला कधी लक्षात आलं, काकी?" तिने विचारलं. तिचे डोळे भरले होते. सिस्टर गुरवने तिला काही सांगितलं नव्हतं. ते मला तिच्या तोंडावरून दिसलं.

"आत्ताच," मी म्हणाले. "लक्षात आलं तशी धावत आले."

तिने तिथे, त्या सगळ्या माणसांसमोर, फरशीवर गुडघे टेकले आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.